शेवंतीला लागणारा अंधार

बजाजनगरातल्या त्या गल्लीत कारभारींचं घर शोधायला पत्ता लागत नसे. ओसरीवरचा दिवा रात्रभर जळतो ते घर, एवढं सांगितलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा. वाळूजच्या कंपनीत उभी हयात घालवून निवृत्त झालेला हा माणूस खरं तर काटकसरी. पण गेल्या मार्गशीर्षात बायको, साळूबाई, गेली आणि तेव्हापासून त्यांनी तो दिवा एका रात्रीसाठीही बंद केला नव्हता.

दिव्याचं भांडण जुनं होतं. साळूबाईनं अंगणात कुंपणालगत शेवंती लावली होती, पिवळी आणि पांढरी. भाद्रपद लागला की ती ओसरीवरचा दिवा लावायचीच नाही. गल्लीतला दिव्याचा खांब लांब, त्यामुळं सेकंड शिफ्ट करून आलेले कारभारी थेट काळोखात शिरायचे. एकदा बादलीला अडखळून त्यांचा गुडघा फुटला, तेव्हा त्यांनी ओरडून सगळी गल्ली गोळा केली होती.

"नवरा पडला तरी चालंल, तुझं लाइट बिल वाढायला नको."

"बिलाचं नाय वो," साळूबाई म्हणाली, "शेवंतीची झोप मोडती."

हे वाक्य कारभारींनी पुढं कंपनीतल्या मित्रांना कितीदा तरी हसत सांगितलं. मात्र त्या दिवसापासून ती पायरीवर बसून राहू लागली. फाटक वाजलं की अंधारातून आवाज यायचा, "सावकाश या, उजवीकडं बादली हाये." बादली उचलून ठेवावी हे काही त्या बाईला कधी सुचलं नाही.

ती गेली, दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी परतले. त्यानंतर एका संध्याकाळी कारभारी बाहेरून घरी आले. फाटक वाजलं, अंगणात अंधार होता, आणि पायरीवरून कोणी बोललं नाही. त्यांनी आत जाऊन बटण दाबलं ते दाबलंच.

यंदा त्यांनी शेवंतीला जिवापाड जपलं. पावसाळ्यात साळूबाईसारखेच शेंडे खुडले, शेणखत घातलं. वर्षश्राद्धाला साळूबाईच्या फोटोला तिच्याच हातच्या शेवंतीचा हार घालायचा, गुलमंडीवरून विकत आणायचा नाही, हे मनाशी पक्कं होतं. शेजारची कडूबाईही दर मार्गशीर्षात गुरुवारच्या पूजेला इथूनच फुलं न्यायची. तिनं दोनदा कुंपणावरून विचारलंही होतं. पाऊस ओसरला, दुपारी ऊन चटके देऊ लागलं, पहाटे पांघरूण ओढावंसं वाटू लागलं. दसऱ्याला झेंडू दणकून फुलला. शेवंती मात्र नुसती पानांनी माजली होती. शोधूनही एक कळी सापडेना. झाडंही साळूबाईमागंच निघाली की काय, या विचारानं कारभारी रोज उठून शेंडे चाचपायचे.

कोजागिरीला जुने मित्र दरवर्षीसारखे अंगणात जमले. गयास दौलताबादेहून सीताफळं घेऊन आला. तो कंपनीतून सुटल्यावर घरच्या जमिनीच्या तुकड्यात फुलं लावायचा. राजेंद्र शेगडीवर दूध ढवळत होता.

"कारभारी, तेवढा दिवा बंद कर. चांदणं दुधात कसं उतरंल?"

कारभारींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गयास उठून शेवंतीपाशी गेला. त्यानं पानं चाचपली, शेंडे पाहिले, मग वर दिव्याकडं पाहिलं.

"हा रोजच जळतो?"

"ती गेल्यापासून."

गयासनं हात झटकले. मग जवळ येऊन बसला. "यार, शेवंतीला अंधार लागतो. रात्री लांबल्या की तिला कळतं, आता फुलायचं. तुझ्या अंगणात सालभर रात्रच झाली नाय. कळी कुठून येणार?"

कारभारींना साळूबाईचं ते वाक्य आठवलं आणि डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण हसत होतो. लाज वाटलीच, पण त्याहून जास्त भीती वाटली. दिवा घालवला की पायरीवरची ती शांतता पुन्हा ऐकावी लागणार होती.

"बंद केला अन् नाय सोसलं तर?"

"तर मला फोन कर. पर बंद कर भाई."

राजेंद्रचा डाव पातेल्यात थांबला होता. कारभारी उठले, आत गेले आणि त्यांनी बटण दाबलं. दुधात चंद्र आला.

पुढचे काही दिवस वाईट गेले. अंधारलं की घरात जीव लागेना, म्हणून ते पायरीवर येऊन बसत. गयासचा फोन यायचा, तो सीताफळांच्या आणि पाखरांच्या गप्पा मारायचा. दिवाळी उलटली आणि एका सकाळी चष्मा लावून पाहतात तर शेंड्याशेंड्यावर मिरीएवढ्या कळ्या. कारभारी तिथंच ओल्या मातीत बसून रडले.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी शेवंतीनं कुंपण झाकून टाकलं होतं. हारापुरती फुलं त्यांनी परडीत काढून ठेवली, झाडांना पाणी घातलं आणि दिवेलागणीनंतर पायरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. फाटक वाजलं. कडूबाई उद्याच्या पूजेसाठी फुलं मागायला आली होती.

"सावकाश या," अंधारातून कारभारींचा आवाज आला, "उजवीकडं बादली हाये."

कडूबाई पदर तोंडाशी धरून फाटकातच उभी राहिली.