पैलवानाचे संवाद मी ठोकून दिले

चूक बाबांची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझा गाढवपणा ऐकलात की तुम्ही त्यांना विसरून जाल.

लॉकडाऊनमध्ये ट्रुगानिना या आमच्या उपनगरातल्या काकामंडळींना घरबसल्या कलेचा झटका आला. दर रविवारी दुपारी झूमवर परदेशी सिनेमा! एरवी मुलाने गिटार हातात घेतली तरी यांचं बीपी वाढतं. त्या रविवारी जपानी विनोदी पिक्चर होता, कुठल्याशा लांबलचक मालिकेतला अकरावा की बारावा भाग. नायक एक रिटायर्ड सुमो पैलवान. दर भागात नवी नोकरी धरतो आणि शेवटी हाकलला जातो.

पिक्चर सुरू झाल्यावर कळलं, सबटायटल्सच नाहीत.

"नो वरीज!" बाबा गरजले. "आमचा निखिल युनीत जपानी शिकतोय. तो सांगेल सगळ्यांना!"

आता ऐका. जपानीच्या लेक्चरला मी दोनदा बसलो होतो. आणि युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी? ती मी मार्चमध्येच सोडली होती. घरात कुणालाही पत्ता नव्हता. दार लावून लॅपटॉप उघडला की आईबाबांना वाटायचं, लेक्चर चालू आहे. "मला जपानी येत नाही" म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग इतके दिवस शिकलास काय?

बसलो बाबांच्या शेजारी.  आणि दिल्या थापा ठोकून!

लोक हसले हो! पैलवान त्याच्या न्हावी बापावर ओरडला की मी म्हणायचो, "जन्मभर साहेबापुढे मान डोलावलीत, आता मला ताठ बसायला शिकवू नका!" काका खो खो. आपण आपल्यालाच हसतोय हे एकाच्या तरी डोक्यात शिरावं!

फक्त एक आजोबा हसत नव्हते. डार्विन शहरातून जॉइन झालेले, कुणाचे तरी सासरे. सारखे तोंड हलवत होते, हात नाचवत होते.

"आजोबा, म्यूटवर आहात!"

त्यांना बटण सापडेना.  हे काय सांगू पाहताहेत?

शेवटचा सीन. पैलवान खुर्चीत, मागे म्हातारा बाप, हातात वस्तरा. पैलवान गंभीरपणे दोन वाक्यं बोलला. आणि मी सुटलोच.

"बाबा, मार्चमध्येच सोडलं मी सगळं. रोज दार लावून बसतो. तुम्ही ग्रेड्स विचारता. मी कसा आहे ते एकदाही नाही."

 एका काकूने नाक पुसलं. बाबांनी चष्मा काढला. वाटलं, सगळ्यांना हे सिनेमातलंच वाटलं, वाचलो.

तेवढ्यात आजोबांना बटण सापडलं.

"अहो, नऊ वर्षं ओसाकाला काढलीत मी! मघापासून ओरडतोय, हा पोरगा वाट्टेल ते सांगतोय! तो पैलवान एवढंच म्हणाला, बाबा, वस्तरा जपून. परवा कान कापलात!"

हास्याचा स्फोट. बाबा सोडून.

"मग मार्चमध्ये कुणी काय सोडलं रे?" त्यांनी हळूच विचारलं.

पैलवानाने नोकरी सोडली, एवढं म्हणायचं होतं. इतका वेळ थापा मारत होतो, आणखी एकीने काय झालं असतं? पण तोंडातून निघालं, "मी. युनी."

माइक चालूच होता.

पुढचे चार महिने, त्याच घरात, बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.