आत्याचे भोपळे

वीर स्टेशनवर उतरून रिक्षात बसले आणि चुलतभावाचा, दिनेशचा फोन आला. "ताई, शालूआत्या गेली..." मी तिलाच भेटायला निघाले होते. घरी पोचले तेव्हा ती पडवीतल्या खुर्चीतच होती. मांडीवर सुकवलेला भोपळा, आणि उजव्या हाताची बोटं तो वाजवण्यासाठी वाकवलेली. तो हात सरळ करणं दिनेशला फार जड गेलं.

सव गावाच्या अलीकडे, जिथवर खाडीची भरती सावित्री नदीत चढते, तिथं आमचं गाव. गावातल्या निम्म्या पोरांना आत्यानं पोहायला शिकवलं, पाठीला भोपळा बांधून. मी एकदा हवेची रंगीत ट्यूब नेली, तर म्हणाली, "दिसायला लय झ्याक हाय. नवरीला दे मिरवायला." तिचे नियम कडक. ओहोटी लागली की सगळी बाहेर, एकट्यानं पाण्यात पाऊल टाकायचं नाही, आणि नदीवर निघण्याआधी पडवीतल्या खुंटीवरचा प्रत्येक भोपळा बोटांनी वाजवायचा. आवाज कोरडा, टणक आला तर ठीक. बसका आला तर कुठंतरी चीर आहे. बसका वाटलेला भोपळा ती खात्रीसाठी पुन्हा दोनदा वाजवायची. तिचा धाकटा भाऊ लहानपणी असल्याच चिरलेल्या भोपळ्याच्या भरवशावर बुडाला होता. वाजवताना ती डोळे मिटून घ्यायची, आणि तेव्हाच्या तिच्या चेहऱ्याची मला भीती वाटायची. मी काही विचारलं की डोळे न उघडताच म्हणायची, "मधी बोलू नको गो. तो सांगतोय." तो म्हणजे भोपळा की भाऊ, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा गावी गेलो. माझी लेक मुक्ता हट्टाला पेटली होती, आत्याआजीच्या भोपळ्यावरच पोहायचं. पाणी संथ होतं, दिनेश पुढं काठावर गेला होता. भोपळे वाजवायचं मात्र कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी माजघरात टॉवेल शोधत होते, तेवढ्यात पडवीतून आवाज आला. टक... टक... टक... मग एक बसका. आणि तोच पुन्हा, दोनदा. मला हसू आलं. पोरगी आत्याची नक्कल करतेय!

"मुक्ता, पुरे आता!"

"आई, मी इथं आहे," ती माझ्या मागून म्हणाली.

पडवीत कोणी नव्हतं. वाराही नव्हता. खुंटीवरचा शेवटचा भोपळा तेवढा हलत होता, मुक्तासाठी दोरी बांधून ठेवलेला. मी तो वाजवला. आवाज बसका आला. दोरी सरकवली तर खाली केसाएवढी चीर.

मुक्ता त्या दिवशी पाण्यात उतरायला मिळालं नाही म्हणून रडली, आणि मी आत्याच्या खुर्चीला धरून रडले. मी शाळेत विज्ञान शिकवते. मनाला नाना परींनी समजावून पाहिलं, पण त्यातलं एकही पटत नाही. गावी गेले की भोपळे आता मीच वाजवते. फक्त पडवीत पाऊल टाकण्याआधी उंबऱ्याशी जरा थांबते, श्वास रोखून ऐकते... आत्या वाजवत असेल, तर मध्ये बोलायचं नाही.