एका नावाचे तिघे

सौदीतल्या तबूकच्या त्या साइटवर आम्ही एकाच नावाचे तिघे होतो. मी वसईचा, पाइप फिटर. दुसरा गोव्याचा वेल्डर, साधारण माझ्याच वयाचा. तिसरे केरळचे, साठीला टेकलेले. त्यांना सगळे अच्चायन म्हणत, त्यांच्याकडे ख्रिस्ती घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. ते नाव इथे लिहीत नाही. जुनं ग्रीक नाव आहे. तिघांनाही ते संतावरूनच मिळालं होतं, फक्त संत वेगवेगळे होते.

हे कळलं एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कॅम्पच्या खोलीत जेवताना. माझा संत शिपाई. रोमन देवांपुढे धूप जाळायला नाही म्हणाला म्हणून त्याला मारलं. बाप्तिस्म्याच्या वेळी फादरांनी आईला हेच सांगितलं होतं. गोवेकर म्हणाला, "छे रे, तो बिशप होता. सम्राटाशी भांडला म्हणून त्याला शहराबाहेर काढलं." अच्चायन दोघांनाही हसले. त्यांचा संत गुहेत राहणारा, ओसाड जागी एकटा. "आपल्यासारखाच, वाळूत," ते म्हणाले.

आमचा सेफ्टी ऑफिसर मोबाइलवर शोधत बसला. "तिघेही खरे आहेत," तो म्हणाला. "या नावाचे संत आणि बिशप ढिगानं आहेत. बायझंटाइन सम्राटाचे अधिकारीसुद्धा. एकजण तर लोकांचे डोळे काढून वसुली करायचा."

फोरमन दारात उभा राहून ऐकत होता. तो आमच्याच देशाचा, हिंदी बोलणारा. "मग तो चौथा मी," तो म्हणाला. आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून त्यानं आम्हाला शिपाई, बिशप आणि बाबाजी अशा हाका मारायला सुरुवात केली.

साइट लष्करी हद्दीला लागून होती, म्हणून मोबाइल आत नेता येत नसे. ते फाटकावर ठेवायचे आणि सुटताना घ्यायचे. फाटक कामाच्या जागेपासून गाडीनं वीसेक मिनिटांवर. फोन एकच, तोही फाटकावरच्या ऑफिसात.

एके दिवशी हायड्रो टेस्ट होती. पाइपलाइनमध्ये पाणी भरून दाब चढवायचा आणि तो तासन्तास टिकतो का ते बघायचं. दाब पडला तर गळती शोधा आणि पुन्हा पहिल्यापासून. दाब नुकताच चढला होता, तेवढ्यात पाण्याचा टँकर घेऊन आमचा ड्रायव्हर आला. तो रत्नागिरीकडचा मुसलमान, कॅम्पात माझ्याशी मराठी बोलणारा एकटाच. उतरल्या उतरल्या त्यानं मला बाजूला घेतलं.

"ऑफिसात फोन आला होता इंडियातून," तो म्हणाला. "घरी मयत झालीय म्हणे."

"कुणाच्या?"

त्यानं माझं नाव घेतलं. मग लगेच म्हणाला, "तिघांतला कोण ते त्या इजिप्तच्या क्लार्कला सांगता येईना. लाइन खराब होती. नाव कळलं आणि मयत कळली, बस्स."

माझी बायको वसईत होती, सातव्या महिन्यात. माझ्या हातातला पाना खाली पडला. पाना पडलेला पाहून गोवेकर जवळ आला, मग अच्चायन आले, आणि ड्रायव्हरला तेच पुन्हा सांगावं लागलं.

आम्ही तिघे फोरमनकडे गेलो. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, यांना फाटकापर्यंत नेतो, फोन करतील आणि लगेच परत आणतो."

"दाब चढलाय," फोरमन म्हणाला. "चारला बस सुटेल, तेव्हा फोन घ्या. मेलेला माणूस चारपर्यंत काही उठून जात नाही."

"मग मीच जाऊन विचारून येतो."

"तू टँकर घेऊन पलीकडच्या टोकाला जा. यल्ला, चल नीघ."

ड्रायव्हर गेला. आम्ही जागेवर परतलो. मी गेजकडे बघत होतो पण काटा दिसत नव्हता. गोवेकर सारखा पुटपुटत होता, "सकाळीच बोललो मी घरी. सगळे बरे होते. सकाळीच बोललो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या बायकोला कितवा महिना?" मी गेजची काच पुसली.

थोड्या वेळानं फोरमन आला. आमचे चेहरे बघून वैतागला. "असं कसं काम होणार? आपसात मिटवून टाका. सगळ्यात म्हातारं कुणाचं आहे?"

अच्चायन म्हणाले, "माझी आई. नव्वदीची."

"झालं मग. तिचीच असणार. खलास. लागा कामाला."

आणि खरोखर मिटलं. म्हणजे आमच्यापुरतं मिटलं. अच्चायन पाइपला टेकून खाली बसले, क्रूसाची खूण केली आणि तोंड रुमालात घालून रडू लागले. इतर कामगार एकेक करून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. गोवेकरानं त्यांना स्वतःच्या बाटलीतलं थंड पाणी पाजलं. "अच्चायन, भरल्या वयात गेल्या त्या," तो म्हणाला. "असं मरण मागून मिळत नाही." त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता. दुपारी डबा उघडला तेव्हा त्यानं माझ्या भातावर त्याच्यातली मासळी वाढली. मी ती खाल्ली. भूक लागली होती.

दाब टिकला. चारला बसनं आम्हाला फाटकावर आणलं. खिडकीतून एकेकाचा मोबाइल हातात मिळत होता. माझ्या मोबाइलवर बायकोचा एकच मेसेज होता, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्याचा. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

अच्चायननी घरी फोन लावला. तो त्यांच्या आईनंच उचलला. आवाज इतका मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "अम्मच्ची!" अच्चायन ओरडले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, फोनचे मुके घेत होते, मल्याळममध्ये देवाचे आभार मानत होते.

त्यांच्या शेजारीच गोवेकर उभा होता. त्याच्या मोबाइलवर मिस्ड कॉलचा ढीग होता. त्यानं भावाला फोन लावला. तो ऐकत राहिला. मग खाली वाळूत बसला. त्याची मुलगी, दहावीतली. शाळेला जाताना काकाच्या स्कूटरवर मागे बसली होती, ट्रकनं उडवलं.

अच्चायनना समजलं होतं. पण त्यांचं हसू थांबेना. त्यांनी तोंडावर हात दाबला तरी ते बाहेर येत होतं, उचकीसारखं.

गोवेकरानं वर पाहिलं. एरवी तो त्यांना अहो-जाहो करायचा. "तू म्हणालास ना, मयत तुझी म्हणून?" तो म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हणालास. मग ठेवायची होतीस तुझ्याकडेच."

फोरमननं बसच्या दारातून हाक दिली, "चला, बसा लवकर."

देश सोडायच्या परवानगीचा, एक्झिटचा कागद लगेच होण्यासारखा नव्हता. कफीलचं, म्हणजे आमच्या सौदी मालकाचं ऑफिस दोन दिवस बंद होतं, आणि तिकडे गोव्यात देह ठेवण्यासारखा नव्हता. गोवेकरानं दफन मोबाइलवर पाहिलं. फोन मी धरला होता. चर्चमधून पेटी बाहेर निघाली आणि चित्र अडकलं. पुन्हा लागलं तेव्हा लोक हात धूत होते. सगळा वेळ अच्चायन त्याच्या खोलीबाहेर उन्हात उभे होते. आत येऊ का, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये ते त्याच्यासाठी चहा घेऊन गेले. गोवेकरानं कप घेतला, घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, "अच्चायन, आई बरी आहे ना?"

"आहे," ते म्हणाले.

"छान."

मग रोज हेच. मेस भरलेली असायची, तो मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा. आई बरी आहे ना? जेवते ना? चालते ना? अच्चायन मान खाली घालून उत्तर द्यायचे. त्यांनी मेसमध्ये यायचं टाळून पाहिलं, तर तो त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन विचारायचा. मी एकदा म्हणालो, "बस कर रे." तो म्हणाला, "मी काय वाईट विचारतो?"

शेवटी कागद झाला. पहाटेच ड्रायव्हर गाडी घेऊन आला. गोवेकर बॅग घेऊन निघाला तसे अच्चायन समोर आले. हात पुढे केला. त्यानं तो घेतला नाही.

"आई बरी आहे ना?"

"नाही," अच्चायन म्हणाले. "फार दुखतं तिला. अंथरुणाला खिळलीय. आता फार दिवस नाहीत म्हणतात."

आदल्या संध्याकाळीच ती फोनवर त्यांच्याशी फणसावरून वाद घालत होती. मी शेजारच्या खाटेवर होतो, तिचा आवाज मला ऐकू येत होता.

गोवेकरानं त्यांच्याकडे बघून मान डोलावली, आणि गाडीत जाऊन बसला.