योप जेवत नाही
बेरेंड टेर हारनं जन्मभर लोकांना जेवू घातलं. आल्मेलो गावातल्या कापडगिरणीत तो कँटीनचा मुख्य आचारी होता. कुणी ताटात अर्धं टाकून उठताना दिसला की हा वाढायचा डाव घेऊन त्याच्या मागे जायचा. "पोट दुखतंय? मग हे खा, थांबेल." नकार नावाची गोष्ट त्याच्या कानात शिरतच नसे. माणूस प्रेमळ, यात वाद नाही. पण त्या प्रेमातून सुटायला लोकांना लबाडी करावी लागे. बटाटे रुमालात गुंडाळून खिशात घालणारेही होते.

पुढे गिरणी बंद पडली, बायको डीनी आजारपणात गेली आणि ज्याच्या ताटात वाढावं असं घरात कुणी उरलं नाही. मुलगी मार्लूस लोकांना नकोसे झालेले साप-सरडे सांभाळणाऱ्या आश्रमात काम करायची. आई गेल्यापासून ती बापाकडे क्वचित फिरके, आणि आली तरी अंगातला कोट काढत नसे. बेरेंडला कुत्रा पाळायचा होता, पण त्याला फिरवायला नेण्याइतके गुडघे धड नव्हते. तेव्हा तिनंच एक छोटा अजगर आणून दिला. योप त्याचं नाव. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवायचा. डीनीच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी त्याची काचेची पेटी लागली.

"बाबा, नीट ऐका," मार्लूस म्हणाली. "नव्या जागी हे लगेच खात नाहीत. पेटीवर टॉवेल टाकायचा. आठवडाभर हात लावायचा नाही, डोकावायचंही नाही. मग फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात गरम करून आत ठेवायचा आणि खोलीबाहेर पडायचं. दर शनिवारी येऊन मी वजन करीन. फार उतरलं तर परत नेईन."

"दर शनिवारी?" बेरेंडनं विचारलं. त्याला तेवढंच ऐकू आलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यानं टॉवेल वर केला. एवढासा जीव, उपाशी, आणि त्याच्याकडे पाहायचंसुद्धा नाही? हा कुठला न्याय! त्यानं चिमट्यात उंदीर धरून योपच्या नाकासमोर नाचवला. योपनं डोकं आत घेतलं. दुसऱ्या दिवशी छोटा उंदीर, मग कोंबडीचं पिल्लू, मग तेच कोंबडीच्या रश्श्यात बुडवून. एक पदार्थ चालला नाही तर दुसरा, हे कँटीनचं शहाणपण. मधूनमधून तो योपला मांडीवर घेऊन कुरवाळायचा, समजूत घालायचा. प्रत्येक वेळी साप नव्यानं घाबरायचा आणि प्रत्येक वेळी त्याची भूक आणखी लांब जायची.

शनिवारी मार्लूस आली. "खाल्लं का?"

"खाल्लं की! अगदी बोटं चाटत."

"सापाला बोटं? कमाल आहे तुमची." ती हसली. वजन थोडं कमी भरलं, पण नव्या जागी तेवढं चालतंच, म्हणाली. त्या दिवशी तिनं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि ती कॉफीला बसली.

मग काय, दर शनिवारी योप जेवू लागला, फक्त बेरेंडच्या तोंडानं. पण काट्यावरचं वजन उतरतच होतं, त्यावर थापा मारून मारून किती मारणार? योपची कातडी सैल पडली, पाठीचा कणा वर दिसायला लागला. आज ती याला घेऊन जाणार, आणि मग इथं यायला तिला कारणच उरणार नाही, या भीतीनं एका शनिवारी सकाळीच बेरेंडनं मांस वाटून पातळ केलं. डीनीच्या आजारपणातली बिनसुईची सिरिंज फडताळात होती, ती भरली. डाव्या मुठीत योपचं डोकं धरलं. योपनं ओठ घट्ट मिटले.

मार्लूस दारात येऊन उभी होती.

"ठेवा ती खाली."

"मरेल गं तो!"

"तुमच्या हातानं मरेल. ते श्वासनळीत गेलं म्हणजे संपला. आणि इतके दिवस खाल्लं, खाल्लं म्हणत होतात ते?"

"नाहीतर तू नेलं असतंस त्याला. मग इथं कशाला आली असतीस तू?"

मार्लूसनं योपला पेटीत ठेवलं, उंदीर गरम करून त्याच्याजवळ टाकला, पेटी झाकली आणि बापाला दंडाला धरून स्वयंपाकघरात आणून बसवलं.

"एकदाच डोकावतो."

"बसा."

"उपाशी जीव पलीकडे, आणि आपण इथं कॉफी ढोसतोय."

"हो. तेच करायचं असतं, बाबा."

तो उठायचा, ती बसवायची. अंधारून आल्यावर दोघं आत गेली. मार्लूसनं टॉवेलाचं टोक उचललं. उंदीर नव्हता. योपच्या अंगात मध्यावर फुगवटा आला होता.

"खाल्लं!" ती म्हणाली. "बघा, खाल्लं त्यानं."

"आपण बाजूला झालो तेव्हा खाल्लं," बेरेंड म्हणाला. तो डीनीच्या पलंगावर बसला, आणि त्याला रडू फुटलं.

"बाबा? अहो, झालं ना आता."

"आई गेली त्या दिवशी तू तिचा हात धरून बसली होतीस. मी तुला स्वयंपाकघरात पाठवलं, सूप गरम करायला."

मार्लूसचा चेहरा बदलला. "मला नुसतं बसायचं होतं तिच्यापाशी. परत आले तर ती गेलेली. झोपेत गेली म्हणालात."

"झोपेत नाही गेली. जागी होती. तू गेल्यावर वाटीत उरलेलं गार सूपच मी चमच्यानं तिच्या ओठाला लावलं. 'नको,' म्हणाली."

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, एवढाच एक चमचा."

"मग?"

"तो घोट तोंडातच राहिला, आणि ती गेली. मी तिचं तोंड पुसलं, आणि मग तुला हाक मारली."

मार्लूसनं टॉवेल पेटीवर नीट सारखा केला. बराच वेळ ती त्याच्या कडा ओढत राहिली.

"पुढच्या शनिवारी मी येणार नाही," ती म्हणाली. "त्यानंतरचंही सांगत नाही."

बेरेंडनं आग्रह केला नाही.