मिठावरची वाट

आमची पोस्ट लडाखच्या पूर्व पठारावर होती. उंची साडेचौदा हजार फूट. झाड एकही नाही, खुरटं गवत आणि वारा. समोर खारं सरोवर. त्यातून पाणी बाहेर जायला वाट नव्हती, ते फक्त उन्हात उडायचं. दक्षिणेला गोड्या पाण्याचा झरा होता, तिथे गवत आणि पक्षी. उत्तरेला पांढरं मीठ, वरून कडक, खाली चिखल. हिवाळ्यातही तो चिखल गोठत नसे.

नायक महादेव आमचा ड्रायव्हर. टेंभुर्णीजवळचा, ट्रकवर वाढलेला. डोक्यावर पट्टे असलेले हंस पाहून म्हणाला होता, "ही तर आमच्या उजनीवरची पाखरं!" मेंढपाळांकडून तो एक गोष्ट शिकला होता. रानगाढवांच्या खुरांचे ठसे दिसतील तिथूनच गाडी न्यायची, तिथली जमीन भक्कम असते. मी हवालदार, त्याचा 'उस्ताद'. मलाही हे माहीत होतं.

सप्टेंबरात नकाशा वाचताना माझी चूक झाली. गस्तीची तुकडी तीन तास उशिरा परतली. लंगरमध्ये जेवताना महादेव म्हणाला, "उस्तादांनी नकाशा उलटा धरला हुता की!" सगळे हसले. मी पण हसलो. ते हसू मी महिनाभर विसरलो नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी पुढच्या चौकीवर रसद न्यायची होती. काठाने अठरा किलोमीटर, मिठावरून चार. दुपारी २.१० ला मी गाडी थांबवली.

"सरळ घे."

"हितं खूर न्हाईत, उस्ताद. आत गाळ हाय."

"टेंभुर्णीचा ड्रायव्हर घाबरला काय?"

"ऑर्डर हाय का?"

"ऑर्डर आहे."

गाडी हलकी करायची म्हणून मी आणि मागचे तीन जवान उतरलो. खरं कारण वेगळं होतं. मला काठावर उभं राहून त्याला घाबरलेलं बघायचं होतं.

दोनशे पावलांवर पुढची चाकं खचली. तो दार उघडून उतरला आणि छातीपर्यंत आत गेला. दोर टाकून ओढायला चाळीस मिनिटं लागली. शुद्ध होती, ओठ निळे. मी रेडिओ घेतला.

"व्हेइकल मिठात स्टक. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"रूट कोणी बदलला? ओव्हर."

"ड्रायव्हरने. ओव्हर."

महादेव माझ्या शेजारी ब्लँकेटमध्ये होता. त्याने ऐकलं.

"आता फिटलं का, उस्ताद?"

४.३५ ला तो थंडीने गेला. चौकशीत मी तेच सांगितलं. तिघे जवान माझ्या हाताखालचे, ते गप्प राहिले. अहवालात आलं: ड्रायव्हरने हुकूम मोडून वाट सोडली.

गेल्या महिन्यात सोलापूरहून त्याच्या घरी गेलो. पारूबाईंनी, त्याच्या पत्नीने, सगळं ऐकून घेतलं. गावात त्यांच्या मुलांना आजही 'मिठात गाडी घालणाऱ्याची पोरं' म्हणतात. मी हात जोडले.

"माफी मागू नका, मी देनार न्हाय. समदं लिवा. युनिटला धाडा. आन झेंडावंदनाला सारं गाव जमतंय, तवा वाचा."

"वाचतो."

"हुबं राहून. माज्याकडं बघून. लोकं तुमाला काय काय म्हनत्यात, ते मला ऐकायचंय."

युनिटला पत्र गेलं आहे. हा कागद मी उद्या झेंडावंदनाला वाचणार आहे. त्याचा शेवट असा:

नायक महादेव, ड्रायव्हर. त्याने हुकूम मोडला नाही. मोडला असता, तर तो आज इथे बसला असता.