खांदशेकणीची दुपार

कॅलेंडरवर पोळ्याची अमावास्या दिसली की मला अजून चीड येते.

मी बारा वर्षांची होते, कुबड्यांवर चालायचे. माझ्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट हवा होता. त्याचं माप घेणारे नागपूरचे डॉक्टर वर्षातून एकदाच बुलढाण्याला येत, आणि त्या वर्षी नेमके पोळ्याला. म्हणून बाबांनी आदल्या दुपारीच मोताळ्याहून बैलगाडीने निघायचं ठरवलं.

मी तयार होऊन ओसरीत आले, तर गाडीवान संपत बैलांच्या शेकलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळत होता.

"आत्ताच काऊन चोळलं?" बाबा ओरडले. "गाडी जुपायची होती ना!"

"सकाळीच सांगा लागत होतं, मालक. खांदे शेकले. आता पोया झाल्याबिगर जू ठेवता येत नाही."

"अन् डॉक्टर?"

"त्याईले बी पोया असनच की."

बाबा गावभर हिंडले. घरोघर बैलांचे खांदे शेकून झाले होते.

इंग्रजी शाळेत शिकणारी मी नोकरासमोर रडले, त्याचीच लाज वाटत होती. संपत वाटी घेऊन आला. "तायसाहेब, उरलं हाये थोडं. तुमचेबी खांदे कुबड्यानं सोलले असतीन."

मी वाटी ढकलून दिली.

चीड आता संपतची येत नाही. त्याच्याआधी माझ्या खांद्यांचं घरात कोणीच विचारलं नव्हतं, त्याची येते.