ओला दोर
ओल्या दोराचा वास आला की मला आमच्या एटापल्लीकडच्या गावची विहीर आठवते. निवडणूक जवळ आली होती, ऊन तापलं होतं आणि मी पाण्याची घागर नुकतीच घरात नेऊन ठेवली होती. एक शिपाई आला, ओठ पांढरे पडलेले. "बाई, पाणी देता का?" शिपायाला पाणी देणाऱ्याला जंगलातले बंदूकवाले खबऱ्या ठरवून मारत, म्हणून मी म्हटलं, "विहीर आटली." त्यानं रहाटावरच्या दोराला हात लावला. "दोर तं ओला हाये, बाई." "मंग दोरच चोख," मी म्हटलं. तो हसला आणि गेला. आठ दिवसांनी सुरुंगाच्या स्फोटात मेला. मग पुढारी आला, चौकात त्या शिपायाचा फोटो मांडला. गाव जवानांच्या बाजूचं आहे असं पुढाऱ्याला दाखवायचं होतं. विहिरीजवळचं घर माझं, म्हणून हार माझ्या हातात देऊन तो माइकवर म्हणाला, "या मायनं आपल्या वीराले पाणी पाजलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खरं बोलले नाही, फोटोला हार घातला. आता दारात नळ आहे. तरी बकरीचा दोर भिजला की मी तो उन्हात टाकते, आणि सुकेपर्यंत घोटभर पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही.